‘डॉक्टर हू’ : हसावे कोठे, थांबावे कोठे

विज्ञानकथा म्हटली की आपण मराठी वाचक जरा सावरून बसतो. जयंत नारळीकरांच्या कथांनी आपल्याला ती सवय लावली. कथेत कृष्णविवर आले तर ते खऱ्या कृष्णविवरासारखे वागले पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनीही १९६१ साली जॉन एलियट यांच्यासमवेत बी.बी.सी.साठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका लिहिली होती. ही अपेक्षा घेऊन जो ‘डॉक्टर हू’ पाहावयास बसेल, त्याची पहिल्या अर्ध्या तासात फसगत होईल. येथे विज्ञान नावापुरते असून भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. राक्षस चालू लागला की आतील माणसाच्या पायातले बूट दिसतात.

सुरतेत आम्ही काही मंडळी रविवारी सायंकाळी जमून जुनी चित्रे पाहतो आणि त्यांवर बोलतो. उधना-लिंबायत भागात वाढलेली खानदेशी घरांतली मुले आणि दोन-तीन अध्यापक, असा हा बेताचा मेळावा. यंदा आम्ही या इंग्रजी मालिकेतील काही जुन्या कथा क्रमाने पाहिल्या. त्या पाहताना जो वाद झाला तो विद्यार्थिमित्रांना उपयोगी वाटेल, म्हणून हा लेख.

प्रथम थोडी माहिती. मालिकेचा पहिला भाग बी.बी.सी.ने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखविला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. लोकांचे लक्ष तिकडे, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. ‘डॉक्टर’ हा परग्रहावरचा प्रवासी. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही, म्हणून मालिकेचे नावच ‘डॉक्टर कोण?’ असे. तो काळातून व अवकाशातून हिंडतो ते एका निळ्या पेटीतून. लंडनच्या रस्त्यांवर त्या काळी पोलिसांना बोलावण्यासाठी टेलिफोन बसविलेल्या अशा पेट्या उभ्या असत. यंत्र जेथे उतरेल तेथील वस्तूचे रूप त्याने घ्यावे अशी मूळ योजना. परंतु ते बिघडले आणि पेटीचे पेटीच राहिले, असे कथेत सांगितले जाते. दर कथेला नवे यंत्र बांधण्याचा खर्च वाचला, हे कथेत सांगितले जात नाही!

या मालिकेची निम्मी कल्पकता अशी अडचणीतून आली आहे. पहिले नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली, तेव्हा १९६६ साली डॉक्टरचे शरीरच नवे होते असे दाखवून पॅट्रिक ट्रॉटन यांना आणले गेले. १९८९ साली थांबलेली मालिका २००५ मध्ये पुन्हा सुरू होऊ शकली, तीही या युक्तीच्या बळावर. डॅलेक नावाच्या सुप्रसिद्ध शत्रूची आकृती रेमंड क्युसिक यांनी रेखाटली. त्याचा एक हात म्हणजे मोरी तुंबली की आपण वापरतो तो रबरी पंप. पेटी उडताना जो घरघराट होतो तो ब्रायन हॉजसन यांनी घराची किल्ली पियानोच्या तारांवर घासून काढला. शीर्षकाचे संगीत रॉन ग्रेनर यांचे. ते प्रत्यक्षात उतरविले डेलिया डर्बीशायर यांनी, एकेका स्वराच्या ध्वनिफितीचे तुकडे कापून व जोडून. चौथे डॉक्टर टॉम बेकर यांच्या गळ्यातील तो जमिनीपर्यंत लोळणारा पट्ट्यापट्ट्यांचा मफलर आमच्या मंडळींना विशेष आवडला. वेशभूषाकाराने विणणाऱ्या बाईंकडे गरजेपेक्षा पुष्कळ अधिक लोकर दिली आणि बाईंनी ती संपेपर्यंत विणले, एवढाच त्याचा इतिहास. लूमवाल्या घरातला आमचा एक विद्यार्थी म्हणाला, “आमच्याकडे असा माल परत आला असता.”

अशा भपकेबाज, फसलेल्या, तरीही हव्याहव्याशा वाटणाऱ्या कलेला इंग्रजीत ‘कॅम्प’ म्हणतात. सुझन सॉन्टॅग यांनी १९६४ साली या अभिरुचीवर एक निबंध लिहिला. कॅम्पचा अस्सल प्रकार जाणूनबुजून केलेल्या विनोदातून येत नाही, करणाऱ्याचा हेतू गंभीर असतो आणि साधने त्याला पुरी पडत नाहीत, असे त्यातील एक मत आहे. ते मला पटते, पण त्यात एक गोष्ट राहून जाते. साधने अपुरी पडली तरी हेतू पुष्कळदा पोहोचतो.

१९७५ सालची ‘द आर्क इन स्पेस’ ही रॉबर्ट होम्स यांची कथा घ्या. अवकाशस्थानकात हजारो माणसे गोठून निजली आहेत आणि एका कीटकजातीने तेथे शिरकाव केला आहे. नोहा नावाच्या प्रमुखाला त्याची बाधा होऊन त्याचा हात कीटकाचा होऊ लागतो. हा हात कशाचा केला आहे? नाजूक माल गुंडाळण्यासाठी फुगे असलेले जे प्लास्टिक मिळते, त्याला हिरवा रंग देऊन. तेव्हा ते इंग्लंडात फारसे कोणाला परिचयाचे नव्हते. सुरतेच्या पार्सलवाल्यांच्या मुलांना मात्र ते लांबून कळले आणि खोलीत हशा पिकला. पण नोहा तो हात खिशात लपवितो. आपल्या माणसांशी बोलताना तो खिशातच ठेवतो आणि एकटा असताना बाहेर काढून पाहतो. हे चालू असता हशा कधी थांबला ते कळले नाही. हात अजून पार्सलचाच होता.

दशावतार पाहिलेल्याला यात नवल वाटू नये. एक बाकडे, तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. संकासुराची लांब लाल जीभ कापडाची आहे हे पुढे बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. तो हसतो आणि घाबरतोही. या अंकाच्या कानडी विभागातील वाचकांना येथे यक्षगान आठवेल. तेव्हा ‘भिंत हलते’ ही काही टीका नव्हे. भिंत हलली तरी प्रसंग उभा राहिला की नाही, हा खरा प्रश्न. येथपर्यंत आमचे सर्वांचे एकमत होते.

ते मोडले त्याच होम्स यांच्या १९७७ सालच्या ‘द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग’ या सहा भागांच्या कथेने. जुन्या लंडनचे धुके, एक नाटकगृह, चिनी जादूगार, जिवंत होणारी बाहुली, गटारातील राक्षसी उंदीर. अनेक चाहते या कथेला मालिकेतील उत्तमांपैकी मानतात आणि संवादांपुरते ते खरेही आहे. उंदीर आला तेव्हा कोणी तरी ‘गादी आली, गादी’ असे ओरडले आणि पाच मिनिटे आम्ही कथा पाहूच शकलो नाही. पण जादूगार ली हसेन चांग याची भूमिका जॉन बेनेट या इंग्रज नटाने केली आहे. डोळे व चेहरा रंगभूषेने ‘चिनी’ करून. हे प्रकरण दिसताच एक विद्यार्थिनी म्हणाली, “उंदरासाठी पैसे नव्हते, कबूल. पण चिनी नटासाठीही नव्हते का?”

प्रश्न नेमका होता. कारण याच कथेत किरकोळ गुंडांच्या भूमिकांत चिनी वंशाचे नट उभे आहेत. ज्याच्या वाट्याला बोलणे आहे, दुःख आहे, मरणाचा प्रसंग आहे, तो तेवढा रंगवलेला इंग्रज. हा साधनांचा अभाव नव्हे, ही निवड होय. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या शैक्षणिक दूरचित्रवाणीने चिनी वंशाच्या नागरिकांच्या आक्षेपानंतर ही कथा दाखविली नाही. आमच्यातील एका ज्येष्ठ अध्यापकांनी दुसरी बाजू मांडली: तेव्हा रीतच तशी होती, आजच्या मापाने कालचे मोजू नये. बेनेट यांनी चांगला मान दिला आहे, तो खलपुरुष असूनही त्याच्या मरणाने आपण हळहळतो, हा त्यांचा दुसरा मुद्दा. तो मला मान्य आहे. पहिल्याबद्दल मात्र मी एक उदाहरण पुढे ठेवले.

मालिकेची पहिलीच कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे भारतीय होते. जन्म लखनौचा, १९३८. आई सुप्रसिद्ध लेखिका अतिया हुसेन. पहिला भाग प्रक्षेपित झाला तेव्हा त्यांचे वय २४ होते. १९६४ साली त्यांनी ‘मार्को पोलो’ या सात भागांच्या कथेचे एक सोडून सर्व भाग दिग्दर्शित केले. (याच मार्कोच्या प्रवासवर्णनात ठाणे व आमच्या गुजरातेतील खंबायत ही बंदरे येतात.) त्यात पिंग-चो ही मुलगी ब्रह्मदेशात जन्मलेल्या झीनिया मर्टन यांनी केली, परंतु कुबलाईखान झाले मार्टिन मिलर हे युरोपीय नट. म्हणजे दिग्दर्शक आशियातला असूनही रीत मोडली नाही. याचा अर्थ रीत निर्दोष होती असा काढायचा, की ती किती घट्ट होती असा? एकटा चोवीस-पंचवीस वर्षांचा मनुष्य परक्या संस्थेत किती भांडू शकेल, हेही पाहावे लागते.

येथे मला स्वतःविषयी सांगणे भाग आहे. विद्यार्थिदशेत स्नेहसंमेलनात आम्ही पन्हाळ्याच्या वेढ्याचा प्रवेश केला होता. सिद्दी जौहर मी झालो होतो. तोंडाला तव्याची काजळी खोबरेल तेलात कालवून फासली, डोळे गरगर फिरविले आणि टाळ्या घेतल्या. सुरतेला लागून असलेल्या सचिन संस्थानचे नबाब सिद्दी होते, जंजिऱ्याचेही सिद्दी. गुजरातेत आणि उत्तर कर्नाटकातही सिद्दी समाज आजही राहतो, हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. आमच्या वर्गात एक सिद्दी मुलगा होता, हे मात्र त्या रात्री माझ्या ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने इतकेच विचारले, “काजळी निघायला किती वेळ लागला?” मी म्हणालो, अर्धा तास. तो “बरं” म्हणाला आणि आम्ही तासाला गेलो.

हे सांगितल्यावर खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ज्येष्ठ अध्यापकांनीच ‘पडोसन’मधील महमूदच्या मद्रासी गुरुजींचा विषय काढला आणि तो आपण अजूनही हसून पाहतो की नाही, यावर तासभर भांडण झाले. निकाल लागला नाही.

आता आम्ही ‘मार्को पोलो’ हाती घेणार आहोत. बी.बी.सी.ने पुढे त्या चित्रफिती पुसून टाकल्या. सातांपैकी एकही भाग आज उपलब्ध नाही. प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रित केलेले आवाज तेवढे आहेत, आणि पडद्यावरून टिपलेली काही स्थिरचित्रे, जी हुसेन यांच्या संग्रहात सापडली. तेव्हा बहुतांशी ऐकावीच लागणार. मात्र त्यापूर्वी मुलांच्या आग्रहावरून उंदराचा प्रसंग पुन्हा एकदा लावला.