बिनटाक्याच्या नसबंदीची पारख
पन्हाळा तालुक्यातील कोडोली असो वा अन्य गाव, पुरुष नसबंदीचा विषय निघाला की धोक्याची शंका येतेच. ती रास्तही आहे. चीनचे डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये बिनटाक्याची पद्धत विकसित केली. ती जुनीपेक्षा सरस आहे काय, हे पाहण्यासाठी पाच देशांतील १,४२९ पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटावर जुनी, दुसऱ्यावर नवी शस्त्रक्रिया झाली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नव्या पद्धतीत रक्त साकळणे, जंतुसंसर्ग व वेदना यांचे प्रमाण कमी होते. परिणामकारकता मात्र सारखीच. त्यात नवल नाही. त्वचा उघडण्याची रीत तेवढी बदलली, शुक्रवाहिनी छेदणे तेच राहिले. म्हणून नव्या पद्धतीतही तीन महिन्यांनी वीर्यतपासणी होईपर्यंत संततिनियमनाचे अन्य साधन वापरणे आवश्यक असते.