नुसते मत्स्यबीज सोडून तळे पिकत नाही

कापडाच्या व्यापारात आमची उमर गेली. जोडधंदा असावा म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी पालघर तालुक्यातील एक गावतळे ठेक्याने घेतले. स्वस्तात मिळाले म्हणून अगदी बारीक मत्स्यबीज आणले, पावसाच्या तोंडावर पाण्यात ओतले आणि दुकानात परत आलो. एप्रिलमध्ये जाळे टाकले तेव्हा हाती लागले थोडे रोहू आणि पुष्कळशी मरळ. भांडवल बुडाले. दोष कोणाचा नव्हता, आमचाच होता. त्यातून जे शिकलो ते व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट, बीज दरवर्षी का सोडावे लागते? कटला, रोहू आणि मृगळ हे मासे पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालीत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातींचे प्रजनन यशस्वी केले, म्हणून आज केंद्रावर बीज विकत मिळते.

दुसरी गोष्ट, आकार. नुकतेच जन्मलेले ते मत्स्यजिरे, आणि बोटाएवढे वाढले म्हणजे बोटुकली. जिरे स्वस्त असते. पण ज्या तळ्यात मरळ आहे तेथे ते मरळीचा चारा होते. म्हणून उन्हाळ्यात पाणी कमी असताना जाळे फिरवून मरळ काढावी आणि मग बोटुकलीच सोडावी. गावतळ्यात हेक्टरी सुमारे ५,००० बोटुकल्या हे सर्वसाधारण प्रमाण आहे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो. तिन्ही जाती मिळून सोडल्या तर सर्व पाणी कामी येते. थाई मांगूर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तो इतर मासे फस्त करतो आणि त्याच्या पालनावर बंदी आहे.

तिसरी गोष्ट, सोडण्याची रीत. प्राणवायू भरलेली पिशवी आणल्याबरोबर फोडू नये. ती पंधरा-वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, आतबाहेरचे पाणी सारख्या उष्णतेचे झाले म्हणजे मग तोंड सोडावे. आपल्याकडे जुलैत पाऊस कोसळला की तळे भरून वाहते. सांडव्याला जाळी नसेल तर आपले भांडवल शेजारच्या ओढ्यात जाते. आमचे बरेचसे तसेच गेले.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मासा ज्यात राहतो ते घर. जलपर्णीने झाकलेल्या पाण्यात ऊन पोहोचत नाही, माशांचे सूक्ष्म खाद्य तयार होत नाही. कुजणारा पाला प्राणवायू खातो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर प्राणवायू कमी पडला असे समजावे. मात्र काठावरची सर्व वनस्पती उपटू नये, देशी मासे तिच्या आडोशाला वाढतात. पहिल्या पावसात वलगणीला जे मासे ओढ्यांतून वर चढतात, ते अंड्यांनी भरलेले असतात. तेव्हा सगळेच पकडले तर पुढच्या वर्षी देशी मासा कोठून येणार?

आता एक बोलणे आपल्याच बाजाराविषयी. आपण जे कापड विकतो त्यातील पुष्कळसे रंगणीच्या कारखान्यांतून येते, आणि असे कारखाने तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतही आहेत. प्रदूषित पाण्याने खाडीतील व समुद्रातील मासा गेला, अशी तक्रार घेऊन मांगेला समाज २०१६ साली हरित लवादाकडे गेला. २०२२ साली लवादाने कारखान्यांवर भरपाई बसविली. खाडीत जे घडते ते ओढ्यात आणि तळ्यात घडायला वेळ लागत नाही. एका रात्री सोडलेले रंगाचे पाणी वर्षभराची बोटुकली मारू शकते. म्हणून माल रंगवून घेताना दराबरोबर हेही विचारावे की, सांडपाणी कोठे जाते?

गुदामाचे छप्पर गळत असेल तर शहाणा व्यापारी आधी छप्पर दुरुस्त करतो, मग माल भरतो. तळ्याचेही तसेच आहे. आधी पाणी सांभाळावे, मग बीज सोडावे. हा हिशेब आम्ही नुकसान सोसून शिकलो. वाचकांना तो फुकट मिळावा, एवढीच इच्छा.