हेडलाइटमधले पाणी

(वाहनाच्या एलईडी दिव्याला पावसापासून कसे जपतात आणि चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीही कशी नडते, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

माझ्या अब्बांचा एक छोटा टेम्पो आहे. मालेगावच्या यंत्रमागांवर विणलेले कापड ते रात्री मुंबईकडे घेऊन जातात. नाशिक, इगतपुरी आणि मग कसारा घाट, असा त्यांचा रस्ता. पावसाळ्यात घाटात दाट धुके असते. तेव्हा ड्रायव्हरचा सारा भरवसा दिव्यांवर.

जुलै महिन्यातली गोष्ट. अब्बा खेप करून परतले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"उजवा दिवा घाटातच बंद पडला," ते अम्मीला म्हणाले. "पुढे गोदामाच्या अरुंद रस्त्यावर समोरच्या बसवाल्याला वाटले, मोटारसायकल येते आहे. त्याने बस जवळ घेतली. अल्लाहने वाचवले."

भाईजान खाली मान घालून उभे होते. पंधरा दिवसांपूर्वी त्या दिव्याच्या काचेवर आतून वाफ धरलेली त्यांनी पाहिली होती. मागच्या बाजूला त्यांना एक बारीक भोक दिसले. पाणी येथूनच शिरत असणार, असे समजून त्यांनी ते भोक आणि सगळे सांधे सिलिकॉन लावून बंद केले होते.

आम्ही टेम्पो गॅरेजमध्ये नेला. मिस्त्रीचाचांनी दिवा काढून हलवला. आत पाणी डुचमळले.

"चाचा, एलईडी तर वर्षानुवर्षे टिकतो म्हणतात ना?" मी विचारले.

"बेटा, एलईडी टिकतो. पण दिवा म्हणजे फक्त एलईडी नव्हे," चाचा म्हणाले. त्यांनी दिवा उलटा केला. मागे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या होत्या. "जुना हॅलोजन बल्ब पुढच्या काचेलाही तापवतो. एलईडी काचेला फारसा तापवत नाही. त्याची उष्णता मागे साठते. ती या पट्ट्यांतून बाहेर जाते. पट्ट्यांवर चिखल बसला, तर एलईडी तापतो आणि त्याचे आयुष्य घटते."

काच थंड राहण्याचा एक तोटाही आहे. बर्फाच्या प्रदेशात हॅलोजनच्या काचेवरचा बर्फ वितळतो, तर एलईडीच्या काचेवर तो साचून राहतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण आतली वाफ मात्र एलईडीच्या दिव्यात हळू सुकते.

आपण जिला काच म्हणतो, ती खरे तर पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. ते खड्यांनी सहसा फुटत नाही. मात्र उन्हाने पिवळे पडते. म्हणून त्यावर पारदर्शक लेप दिलेला असतो. धुळीने भरलेल्या कोरड्या फडक्याने घासले, की तो लेप खरवडला जातो. रोज सकाळी फडके मारणारे ड्रायव्हर हे लक्षात घेत नाहीत.

"मग त्या भोकाचे काय?" भाईजानांनी हळूच विचारले.

चाचा हसले. "तेच तर दिव्याचे नाक! दिवा पेटला की आतली हवा तापून फुगते. पावसाचे गार पाणी वरून पडले की ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या भोकावर एक पातळ पडदा असतो. त्यातून हवा आणि वाफ ये-जा करते, पाण्याचा थेंब मात्र शिरत नाही. तुम्ही नाक बंद केले. मग दिव्याने जिथे सांधा कच्चा सापडला तिथून श्वास घेतला, आणि श्वासाबरोबर पाणीही आले. ते बाहेर पडायला वाट राहिली नाही. आतल्या सर्किटला गंज चढला आणि दिवा गेला."

काही दिव्यांवर 'आयपी ६७' असे लिहिलेले असते. त्यातला ६ हा आकडा सांगतो की धूळ आत जात नाही. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवले तरी अपाय होईल इतके पाणी आत शिरत नाही. पण ही परीक्षा स्थिर पाण्यातली. गाडी धुताना जोरदार फवारा जवळून थेट सांध्यावर मारला, तर या आकड्याचा भरवसा धरू नये.

दिवा दुरुस्त होण्यासारखा नव्हता. नवा घ्यावा लागला. त्यात अब्बांची दोन खेपांची कमाई गेली. भाईजानांना वाटले होते, अब्बा रागावतील. अब्बा एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी चाचांना विचार." नवा दिवा मात्र त्यांनी भाईजानांच्याच हाताने बसवून घेतला.

संध्याकाळी पाऊस आला. अब्बा निघण्याच्या तयारीत होते, तेवढ्यात मला नव्या दिव्याच्या कोपऱ्यात पुसटशी वाफ दिसली. भाईजानांनीही ती पाहिली. त्यांचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला, आणि तसाच थांबला.

रात्री इगतपुरीहून अब्बांचा फोन आला. भाईजानांनी पहिला प्रश्न दिव्याचाच केला.

"केव्हाच सुकली," अब्बा म्हणाले. "आता घाट उतरतो."

स्वाध्याय

१. बसवाल्याला टेम्पो मोटारसायकल का वाटला?
२. चाचांनी भोकाला 'दिव्याचे नाक' का म्हटले?
३. भाईजानांचा हात का थांबला, ते तुमच्या शब्दांत लिहा.