फिरती तबकडी की स्थिर स्मृती?

संगणकावर लिहिलेले पत्र, मांडलेला हिशेब किंवा त्यात उतरवून घेतलेले छायाचित्र यंत्र बंद केल्यावरही नाहीसे होत नाही. संगणकातील साठवणुकीचा भाग ते जपून ठेवतो. घरासाठी संगणक घेताना दुकानदार हमखास विचारतो, ‘हार्ड डिस्क हवी की एसएसडी?’ वरवर पाहता हा प्रश्न किमतीचा वाटतो. पण आपण संगणकावर कोणते काम करणार आणि त्यात काय जपून ठेवणार, हे ठरल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

हार्ड डिस्कचा इतिहास १९५६ सालापासून सुरू होतो. त्या वर्षी आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ या संगणकासाठी ५० तबकड्यांचे साठवणयंत्र आणले. प्रत्येक तबकडीचा व्यास २४ इंच. आणि एवढ्या पसाऱ्यात मावत केवळ ५० लाख अक्षरे! आज मोबाईलवर काढलेले एखादे छायाचित्रही तेवढी जागा सहज व्यापते. पुढे यंत्राचा आकार तळहाताएवढा झाला, क्षमता लाखो पटींनी वाढली. तत्त्व मात्र तेच राहिले. चुंबकीय लेप दिलेली तबकडी वेगाने फिरते आणि तिला स्पर्श न करता एक सूक्ष्म शीर्ष तिच्यावरील माहिती वाचते वा लिहिते.

या फिरण्यातच तिची मर्यादा आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. हवा असलेला भाग शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा २४०वा भाग, वाट पाहावी लागते. शीर्ष योग्य जागी सरकण्यास लागणारा वेळ निराळाच. हा विलंब क्षुल्लक वाटेल. परंतु संगणक सुरू होताना हजारो लहान फायली ठिकठिकाणांहून गोळा कराव्या लागतात आणि थेंबे थेंबे तळे साचावे, तसा विलंब साचत जातो. एखादा चित्रपट सलग दाखवायचा असेल, तर हीच डिस्क मुळीच कुरकुर करीत नाही.

एसएसडी, म्हणजेच सॉलिड स्टेट ड्राइव्ह, हिच्यात फिरणारे काहीच नसते. माहिती फ्लॅश स्मृतीच्या सूक्ष्म घरांत विद्युतभाराच्या रूपाने राहते. ही स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीत काम करणारे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधून काढली. येथे शीर्षाची वाट पाहणे नाही; त्यामुळे रखडत चालणारा जुना संगणक केवळ डिस्क बदलल्याने पुन्हा तरतरीत झाल्याचा अनुभव पुष्कळांना येतो. असा संगणक भंगारात देण्यापूर्वी हा उपाय अवश्य करून पाहावा.

‘एसएसडी लिहून लिहून झिजते’ हे म्हणणे खरे आहे. पण त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. समजा, १ टेराबाईटच्या डिस्कवर ६०० टेराबाईट लेखनाची हमी आहे. दररोज ५० गीगाबाईट लिहिले, तरी ती मर्यादा गाठण्यास सुमारे ३३ वर्षे लागतील. तोवर संगणकच बदललेला असेल!

अधिक गंभीर गोष्ट वेगळीच आहे. बिघडू लागलेली हार्ड डिस्क पुष्कळदा टकटक असा आवाज करून पूर्वसूचना देते. एसएसडी मात्र एखाद्या दिवशी मुकाट्याने बंद पडू शकते. तिच्यावरून चुकून पुसलेली फाईल परत मिळण्याची आशाही कमीच. कारण रिकामी झालेली घरे ती पुढील लेखनासाठी स्वतःच साफ करून ठेवते. शिवाय वीज न मिळता ती वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली, तर घरांतील भार हळूहळू गळतो. उलट, चालू असलेली हार्ड डिस्क हातातून पडली, तर शीर्ष तबकडीवर आदळून सारेच संपते.

म्हणून लॅपटॉप सतत हाताळला जात असेल, तर एसएसडीच घ्यावी. टेबलावरच्या संगणकात दोन्ही ठेवण्याची सोय बहुधा असते. तेथे संगणकप्रणाली व नेहमीचे काम एसएसडीवर आणि चित्रफिती, जुनी छायाचित्रे हार्ड डिस्कवर ठेवावीत. तेवढ्याच साठ्याला हार्ड डिस्क बरीच स्वस्त पडते. मात्र आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण एकाच डिस्कवर असेल, तर ती डिस्क कोणत्या जातीची आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्य तर वेगळ्या घरी असावी.

स्वाध्याय

१. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीत सरासरी अर्ध्या फेऱ्यास किती वेळ लागेल?

२. तुमच्या घरातील संगणकात वा मोबाईलमध्ये असलेल्या, पुन्हा मिळू न शकणाऱ्या पाच गोष्टींची नावे लिहा. प्रत्येकीची दुसरी प्रत कोठे आहे, तेही नोंदवा.