पाय घासायचा मोर
(घरगुती वस्तूंतील कलेविषयी काही विचार)

घर सजविणे ही सुखवस्तू माणसांची हौस आहे, असे आपण सहज बोलून जातो. ज्या घरात रोजची चूल पेटण्याचीच विवंचना, तेथे कोनाड्यात काय मांडावे आणि खुंटीला काय टांगावे याचा विचार कोण करणार? मीही असेच मानीत होते. गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयाच्या सहलीत पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले आणि या समजुतीला पहिला धक्का बसला. तेथे काचेच्या कपाटात एक पितळी वज्री ठेवलेली होती. वज्री म्हणजे आंघोळीच्या वेळी टाचा घासण्याचे साधन. खाली खरखरीत तळ आणि वर धरायला पक्षी. ती पाहताच माझ्या तोंडून शब्द निघून गेले, "अगंबाई, हा तर आमचा पाय घासायचा मोर!" मैत्रिणी हसल्या. मला मात्र हसू आले नाही, कारण आमचा मोर आम्ही मोडीत घातला होता.

त्या मोराची हकिकत पुढे येईलच. त्याआधी ज्या संग्रहालयाने तो मला पुन्हा दाखविला, त्याची थोडी ओळख करून घेणे योग्य ठरेल.

संग्रहालय आणि संग्राहक

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. गावोगाव हिंडून, पदरमोड करून त्यांनी हा संग्रह वाढविला. या कामी पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा बालपणीच वारला. त्याच्या स्मरणार्थ संग्रहालयाला त्याचे नाव देण्यात आले. १९७५ साली केळकरांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यात सुमारे २०,००० वस्तू आहेत. शस्त्रे, वाद्ये आणि चित्रेही तेथे आहेत. परंतु या संग्रहाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तू. अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, फण्या, दौती, स्वयंपाकाची भांडी, वाड्यांचे कोरीव दरवाजे! इतिहासाच्या पुस्तकात ज्यांना एक ओळही मिळत नाही, अशा वस्तूंना येथे दालनेच्या दालने मिळाली आहेत.

केळकर कवी होते आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, ही गोष्ट मला तेथेच समजली. नावाचा हा योगायोग मला फार बोलका वाटला. ज्या वस्तू त्यांनी जमविल्या, त्यांचे कर्ते खरोखरच अज्ञातवासी आहेत. मी पाहिलेल्या पाट्यांवर वस्तूचे नाव होते, धातू होता, प्रांत होता, शतक होते. घडविणाऱ्याचे नाव मला आढळले नाही. हा दोष संग्रहालयाचा नव्हे. ते नाव कोणी कधी लिहूनच ठेवले नव्हते.

शोभा कोठून येते?

या वस्तू पाहताना माझ्या मनात एक प्रश्न सारखा येत होता. सुपारी तर साध्या लोखंडी पात्यानेही कातरली जाते. मग अडकित्त्याला पोपटाची चोच कशासाठी? आधी उपयोगाची वस्तू घडवावयाची आणि मग वरून तिला नटवावयाचे, असा हा प्रकार असेल काय? बारकाईने पाहिल्यावर असे दिसते की पुष्कळदा शोभा आणि उपयोग यांची फारकत करताच येत नाही.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीचेच उदाहरण घेऊ. तांब्याच्या घागरीवर, बंबावर जे एकसारखे लहान लहान खळगे दिसतात, त्या कामाला मठारकाम म्हणतात. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते, कारण त्या खळग्यांवर उजेड खेळतो. परंतु धातू थंड असताना ठोकला की तो अधिक कठीण होतो, आणि पातळ पत्र्याची घागर सहजी चेपत नाही. म्हणजे तांबटाच्या हातोडीचा ठोका एकच असतो. त्यातून बळकटीही येते आणि शोभाही येते.

अडकित्त्याकडे पाहू. शाळेत तरफेचा दुसरा प्रकार शिकविताना गुरुजी हेच उदाहरण देत: टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला आणि भार मध्ये. हात जितका लांब, तितके सुपारी फोडणे सोपे. आता ही लांब मूठ तळव्यात नीट बसावयाची तर तिला बाक हवा, टोकाशी हात घसरू नये म्हणून उंचवटा हवा. हा बाक म्हणजे घोड्याची मान, हा उंचवटा म्हणजे पोपटाचे डोके! काही अडकित्त्यांच्या दोन मुठी म्हणजे स्त्री आणि पुरुष अशा दोन आकृत्या असतात. अडकित्ता उघडला की ती दोघे दूर जातात, मिटला की जवळ येतात. पान जमविता जमविता होणाऱ्या थट्टामस्करीची सोय कारागिराने त्या लोखंडातच करून ठेवली आहे.

साखळीने टांगलेल्या दिव्यांत तर याहून मौज आहे. काही दिव्यांवर हत्ती किंवा पक्षी बसविलेला असतो आणि त्याच्या पोकळ पोटात तेलाचा साठा असतो. पोट वरून बंद असल्यामुळे तेल एकदम खाली येत नाही. खालच्या वाटीतील तेल कमी होऊन छिद्र उघडे पडले की तेवढीच हवा आत शिरते, थोडे तेल उतरते आणि छिद्र पुन्हा बुडते. रात्री उठून कोणी तेल घालावयास नको. हत्ती हा अलंकारही आहे आणि टाकीही आहे.

असे पोकळ प्राणी ओतावयाचे म्हणजे सोपे काम नव्हे. आत मातीचा गाभा, त्यावर मेणाची आकृती, त्यावर पुन्हा मातीचा लेप. मग भट्टीची आच देऊन मेण वितळवून काढावयाचे आणि त्या जागी धातूचा रस ओतावयाचा. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात या रीतीचे वर्णन आहे. पुस्तकाशी ज्यांचा संबंध येऊ दिला गेला नाही, अशा ओतारी कारागिरांनी ही विद्या हातातून हातात जपली. ज्ञान केवळ पोथीत असते असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मोडीचा भाव

आता आमच्या मोराविषयी. तो आजीच्या माहेरून आलेला होता. त्याचा तुरा मोडलेला होता आणि त्याच्या पोटात बारीक खडे होते. टाच घासताना ते छुमछुम वाजत. वर सांगितलेल्या वस्तूंत शोभेला काही ना काही उपयोग तरी होता. या खड्यांना कसलाच उपयोग नव्हता. टाच त्याने अधिक स्वच्छ होत नसे. दिवसभर रानात काम करून आलेल्या बाईने न्हाणीत दोन घटका बसावे आणि आपल्याच पायाशी काहीतरी वाजावे, एवढ्याचसाठी कोणा कारागिराने ते आत ठेवले असतील. आमच्या घरात शोभेची म्हणून एकही वस्तू नव्हती, असे मी मानीत आले होते. खरे पाहता ती होती आणि रोज भिजत होती.

काकाच्या लग्नात स्टीलची भांडी घ्यावयाची ठरली, तेव्हा फुटकी घागर, दोन तांबे आणि तो मोर असे सारे पितळ मोडीत निघाले. दुकानदाराने मोर कानाशी हलवून पाहिला आणि हातोडीने फोडला. आतून पाच-सहा खडे पडले. ते त्याने बाजूला सारले आणि उरलेले पितळ तराजूत टाकले. "खड्यांचे पैसे कसे देऊ, आजी?" तो म्हणाला. त्याचे काही चुकले नाही. मोडीचा भाव धातूचा असतो. आजी काही बोलली नाही. मी तेव्हा सातवीत होते. मला नव्या डब्यांचा आनंद झाला होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. जुने ते सारे सोने, असे मला म्हणावयाचे नाही. पितळेची भांडी चिंच आणि राख लावून घासताना बोटांची काय अवस्था होते, हे मी अनुभवाने जाणते. पितळेला वरचेवर कल्हई करावी लागे, नाहीतर आंबट पदार्थ कळकत. १९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले. पुढे त्याची भांडी आपल्या घरोघरी आली, तेव्हा कल्हईवाल्याचे पोट गेले हे खरे. पण माझ्या आईचे अर्धे कष्टही गेले. आईला मी संग्रहालयाची हकिकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "कपाटात ठेवायला बरं असतंय पितळ. घासायला कोण येतंय?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. शिवाय कोरीव अडकित्ते आणि टांगलेले दिवे ज्या वाड्यांत होते, ते वाडे आमच्यासारख्यांचे नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

तरीही मनाला एक रुखरुख लागते. त्याच सहलीत शहरातील एका शोभेच्या वस्तूंच्या दुकानात आम्ही डोकावलो. तेथे भिंतीवर टांगण्यासाठी पितळी अडकित्ता होता. आकार जुनाच, पोपटाचा. परंतु त्याच्या पात्याला धारच नव्हती. विक्रेत्याने सांगितलेली किंमत ऐकून आम्ही मुकाट्याने बाहेर आलो. मोडीच्या दुकानात वस्तूची शोभा वजा होते. या दुकानात तिचा उपयोग वजा झाला होता. एकीकडे नुसता धातू, दुसरीकडे नुसता आकार. घडविणारा हात दोन्हीकडे हिशेबात नव्हता.

काय करता येईल?

घरोघरी पितळ परत आणा, असे मी म्हणणार नाही. पण घर सजविण्याची हौस ज्यांना आहे, त्यांनी विकत घेण्यापूर्वी एकदा आपल्याच माळ्यावर आणि अडगळीत पाहावे. आजीची चंची, चुनाळू, कोनाड्यातील निरांजन, जुन्या लुगड्यांची गोधडी, बैलाच्या गळ्यातील घाट, दाराची कडी, यांतील प्रत्येक वस्तू कोणीतरी विचार करून घडविली आहे. ती वापरता येत असेल तर वापरावी. वापरता येत नसेल तर निदान तिचे नाव, ती कोठून आली, कोणी घडविली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. या महाविद्यालयात शंभराहून अधिक गावांतील मुले-मुली येतात. प्रत्येकाने आपल्या घरातील एका वस्तूची जरी अशी नोंद केली, तरी ज्यांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत अशांपैकी काहींची नावे अजून सापडू शकतील.

माझ्यापुरती मी सुरुवात केली आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे: वज्री. पितळी. मोराच्या आकाराची, तुरा मोडलेला. आत खडे. कारागिराचे नाव आजीलाही ठाऊक नाही. वस्तू आता नाही.

(द्वितीय वर्ष, कला)