आधी बेट, मग मुक्काम

चि. समीर व सौ. ऋता यांस,

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसानिमित्त येत्या हिवाळ्यात न्यू जर्सीहून कॅरिबियन बेटांवर जाण्याचा उभयतांचा मनोदय कळला, आणि सोबत पाठवलेल्या यादीवरून हेही दिसले की निवडीची सुरुवात हॉटेलांच्या छायाचित्रांपासून झाली आहे. कॅरिबियनच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. उंची हॉटेल पलंगाची, पाकाची आणि पाहुणचाराची हमी देऊ शकते. पण वारा कोणत्या बाजूने येतो, किनारा कोणत्या खडकाचा आहे आणि विमानतळापासूनचा रस्ता किती वळणांचा आहे, या तीन गोष्टींवर कितीही पैसे मोजले तरी हॉटेलमालकाची सत्ता चालत नाही. म्हणून आधी बेट ठरवावे, मग त्या बेटाची बाजू ठरवावी आणि त्यानंतरच खोलीकडे वळावे.

कॅरिबियन म्हणजे एकसारख्या बेटांची रांग, ही समजूत जाहिरातींनी रुजवली आहे. क्यूबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि प्वेर्तो रिको या उत्तरेकडील मोठ्या बेटांना ग्रेटर अँटिलिस म्हणतात, तर तेथून पूर्वेला वळून दक्षिणेकडे त्रिनिदादच्या दिशेने उतरत जाणाऱ्या लहान बेटांच्या कमानीला लेसर अँटिलिस हे नाव आहे. बहामा आणि टर्क्स अँड केकॉस ही बेटे पर्यटनाच्या पुस्तकांत कॅरिबियनमध्येच गणली जातात, पण भूगोलाच्या हिशेबाने ती अटलांटिक महासागरात आहेत. आणि हा भेद केवळ नकाशापुरता नाही, कारण जानेवारीत उत्तर अमेरिकेची थंड हवा बहामाच्या उत्तर भागापर्यंत पोहोचते आणि समुद्रस्नानासाठी गेलेल्या माणसाला शाल पांघरून वाळूत बसावे लागते.

वाऱ्याचे गणित सर्वांत महत्त्वाचे आहे. या पट्ट्यात वर्षाचा बहुतेक काळ पूर्वेकडून आणि ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात, त्यामुळे प्रत्येक बेटाला वाऱ्याला सामोरी असलेली वाताभिमुख बाजू आणि वाऱ्याच्या आडोशाची वातविन्मुख बाजू असते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर कोसळणारा पाऊस आणि घाट ओलांडताच लागणारा कोरडा देश ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही, फक्त येथे दिशा उलट धरायची. बार्बाडोसच्या पूर्व किनाऱ्यावर बाथशेबा येथे अटलांटिकच्या लाटा अशा आदळतात की तेथे तरंगफळीवर स्वार होणारे रमतात आणि पोहणाऱ्याने दूर राहावे, तर त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पाणी बहुतेक दिवस तळ्यासारखे शांत असते, आणि म्हणूनच बहुतेक नामांकित हॉटेले त्या बाजूला एकवटली आहेत. २०११पासून याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. सार्गासम नावाचे तपकिरी तरंगते शेवाळ अटलांटिकमधून मोठ्या प्रमाणावर वाहत येऊन, विशेषतः वसंत ऋतूपासून उन्हाळ्याअखेरपर्यंत, पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर ढिगाने साचते, आणि ते कुजू लागले की सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. हॉटेलचे नोकर पहाटे ट्रॅक्टर लावून ते उपसतात. समुद्र दुसऱ्या दिवशी पुन्हा आणून टाकतो.

वाऱ्यानंतर खडक. अँग्विला, अँटिगाचा बराचसा भाग आणि टर्क्स अँड केकॉस ही बेटे चुनखडीची व बुटकी आहेत. तेथे पांढरी वाळू भरपूर, कारण ती प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा असते, पण ढग अडवायला डोंगर नसल्याने पाऊस बेताचा, नद्या जवळपास नाहीत आणि झाडोरा खुरटा असतो. याउलट डोमिनिका, सेंट लुसिया आणि सेंट व्हिन्सेंट ही ज्वालामुखीतून वर आलेली उंच बेटे आहेत, तेथे दाट अरण्य, धबधबे आणि गरम पाण्याचे झरे सापडतात, मात्र वाळू पुष्कळ ठिकाणी करडी किंवा काळी असते. डोमिनिकात पांढरी वाळू शोधणारा निराश होतो आणि अँग्विलात अरण्य शोधणारा कंटाळतो. दोघेही परतल्यावर हॉटेलला दोष देतात, हा अन्याय आहे.

ऋतूविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण बेत हिवाळ्याचा आहे. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत असतो आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा मानला जातो. मराठी घरांत या वादळांची ओळख क्रिकेटमुळे झाली आहे: २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर विश्वचषक जिंकलेला रोहित शर्माचा संघ बेरिल वादळामुळे बार्बाडोसलाच अडकून पडला, आणि ४ जुलैला मायदेशी परतल्यावरच मरीन ड्राइव्हवरची ती मिरवणूक निघू शकली. त्याच बेरिलने १ जुलैला ग्रेनडाच्या कॅरिआकू बेटाची धूळधाण केली होती. अरूबा, बोनेर आणि क्युरासाव ही व्हेनेझुएलाजवळची डच बेटे वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर असल्यामुळे पावसाळ्यात जाणाऱ्यांना तीच सुचवली जातात. हिवाळ्यात हा धोका नसला तरी मागील वादळाचे घाव राहिलेले असतात. २०२५च्या ऑक्टोबरअखेर मेलिसा वादळ जमैकाच्या पश्चिम भागावर आदळले, म्हणून तेथील हॉटेल निवडणाऱ्याने ते पूर्ववत चालू झाले आहे की केवळ संकेतस्थळावर चालू आहे, याची खातरजमा करावी.

अंतराचा विचार बहुतेक जण शेवटी करतात. सेंट बार्ट्स या फ्रेंच बेटावर जगातील धनिकांची दाटी असते, परंतु तेथील धावपट्टी सुमारे साडेसहाशे मीटरच असल्याने मोठे विमान उतरत नाही, रात्रीही उतरता येत नाही, आणि बहुतेकांना सेंट मार्टिन येथे उतरून लहान विमान किंवा बोट गाठावी लागते. न्यू जर्सीहून निघणारे विमान दोन तास उशिरा पोहोचले तर पहिली रात्र भलत्याच बेटावर काढण्याची पाळी येते. सेंट लुसियात मोठी विमाने दक्षिण टोकाच्या हेवानोरा विमानतळावर उतरतात, तर पुष्कळ हॉटेले उत्तर टोकाला रॉडनी बेजवळ आहेत, आणि मधला डोंगरी रस्ता दीड तास घेतो. ज्यांना घाटात मळमळते त्यांनी हे छायाचित्रांच्या आधी वाचावे.

आता मुक्कामाविषयी. या बेटांवरील उंची मुक्काम ढोबळमानाने चार जातींचा आहे, आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा आहे. पहिली जात जुन्या किनारी हॉटेलांची. बार्बाडोसचे सँडी लेन हे त्यांतले ठळक उदाहरण असून रोनाल्ड ट्री या ब्रिटिश माजी खासदाराने ते १९६१ साली उघडले. दुसरी जात ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ची, म्हणजे राहणे, खाणे, पिणे आणि खेळ यांचे पैसे एकदाच भरून मोकळे होण्याची, जमैकाच्या मॉन्टेगो बे येथे १९८१ साली सुरू झालेल्या सँडल्सने ती जोडप्यांमध्ये लोकप्रिय केली. ही पद्धत हिशेबाला सोपी असली तरी तिच्यातला पाहुणा भरलेले पैसे वसूल करण्याच्या नादात कुंपणाबाहेर पडत नाही, आणि ज्या बेटावर बाहेर चांगले खायला मिळते तेथे ती घेणे व्यर्थ आहे. तिसरी जात खाजगी बेटांची. सेंट व्हिन्सेंटजवळचे मस्टिक बेट कॉलिन टेनंट याने १९५८ साली ४५ हजार पौंडांना विकत घेतले, पुढे ब्रिटनच्या राजकन्या मार्गारेटला तेथे जागा दिली आणि त्या एका दानाने बेटाचे भाग्य पालटले. आज तेथे नोकरचाकरांसह बंगले भाड्याने मिळतात. दोनच माणसांनी असा बंगला घेणे ही मात्र उधळपट्टी ठरेल. चौथी जात उसाच्या जुन्या मळ्यांतील वाड्यांची, विशेषतः नेव्हिस बेटावर. त्या वाड्यांचे दगडी जोते, पवनचक्क्यांचे बुरूज आणि उंच झाडे मनाला भुरळ घालतात, पण ती सारी शोभा गुलामांच्या श्रमावर उभी राहिली आणि ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरीचा कायद्याने शेवट १८३४ साली झाला, हे माहितीपत्रकात क्वचितच ठळक छापलेले असते. तेथे राहू नये असे नाही, जाणून राहावे.

एकाच हॉटेलाच्या उदाहरणाने मुक्कामाची पारख कशी करावी हे स्पष्ट होईल. सेंट लुसियात सूफ्रिएर गावाजवळ जेड माउंटन नावाचे हॉटेल आहे. तेथील दालनांना चौथी भिंतच नाही, आणि त्या उघड्या बाजूने समुद्रातून सरळ वर आलेले पिटॉन नावाचे दोन सुळके दिसतात, ज्यांची उंची साडेसातशे मीटरच्या आसपास असून २००४ साली त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. छायाचित्रात हे स्वर्गीय दिसते आणि प्रत्यक्षातही ते तसेच आहे, परंतु भिंत नाही याचा अर्थ वारा, पक्षी, किडे आणि पावसाचा आवाज हे सर्व खोलीतच मुक्कामाला असतात. दूरचित्रवाणी नाही, आणि खालच्या किनाऱ्याची वाळू ज्वालामुखीची, म्हणून करडी आहे. ऋताला हे आवडेल अशी अटकळ आहे. समीरला बंद खोली आणि वातानुकूलन लागत असेल, तर पैसे खर्चून भांडण विकत घेण्यात अर्थ नाही.

भाव पाहताना छापलेल्या आकड्यावर थांबू नये, कारण त्यावर सरकारी कर आणि बहुधा दहा टक्के किंवा अधिक सेवाशुल्क चढते. खोलीच्या नावांतही मेख असते: ‘ओशन व्ह्यू’ म्हणजे कोठून तरी समुद्र दिसणारी खोली आणि ‘ओशन फ्रंट’ म्हणजे समुद्राला समोरासमोर असणारी, आणि दोहोंतला फरक दर रात्री शेकडो डॉलरांचा असू शकतो. दिवसभर बाहेर राहणाऱ्यांना बागेकडची खोली पुरते. शाकाहाराची अडचण वाटते तितकी नाही. जमैकात रास्ताफारी पंथाचे ‘आयटल’ जेवण बहुधा शाकाहारीच असते, आणि त्रिनिदादमध्ये, जेथे ३० मे १८४५ रोजी फातेल रझाक जहाजातून पहिले भारतीय मजूर उतरले, छोल्यांचे ‘डबल्स’ रस्त्यारस्त्यावर मिळतात. तेथील कॅलालू नावाचे कालवण अळूच्या पानांचे आणि नारळाच्या दुधाचे असते, फक्त त्यात खेकडा घातला आहे का, हे विचारून घ्यावे.

पैसे भरण्यापूर्वी पासपोर्ट उघडून पाहणे अगत्याचे आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या धारकाचा अमेरिकेत राहण्याचा परवाना चालू असला तरी पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपलेली असू शकते, आणि कॅनडा किंवा मेक्सिकोची छोटी सहल करून अशा व्हिसावर परतण्याची जी सवलत आहे, ती एच-१बी धारकांना कॅरिबियन बेटांवरून परतताना मिळत नाही. तसे असेल तर प्वेर्तो रिकोचा विचार करावा, कारण तो अमेरिकेचाच प्रदेश आहे आणि डोराडो येथे लॉरन्स रॉकफेलरने १९५८ साली वसवलेल्या किनाऱ्यावर आजही उत्तम हॉटेल आहे. फ्रेंच आणि डच बेटे शेंगेन क्षेत्राबाहेर असल्यामुळे युरोपचा व्हिसा तेथे आपोआप चालेल असे गृहीत धरू नये.

व्हिसाची अडचण नसेल, तर फेब्रुवारीत बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावर चार रात्री आणि सेंट लुसियात सूफ्रिएरजवळ पाच रात्री, असा बेत माझ्या मते सर्वांत योग्य आहे. एक बेट प्रवाळाचे, दुसरे ज्वालामुखीचे. मधले विमान तासाभराच्या आत पोहोचवते. बार्बाडोसमध्ये सर्व किनारे सार्वजनिक असल्याने साधे हॉटेल घेऊनही सँडी लेनसमोरच्याच पाण्यात पोहता येते, म्हणून तेथे काटकसर करावी आणि वाचलेले पैसे सेंट लुसियातील खोलीवर लावावेत. तेथे दोन पिटॉनांपैकी ग्रो पिटॉन हा सुळका चढण्यासाठी पायथ्याच्या फाँ जाँ लीब्र या गावातून वाटाड्या घ्यावा. त्या डोंगरात एकेकाळी पळून आलेले गुलाम आश्रयाला राहत असत आणि गावातले वाटाडे तो इतिहास चालता चालता सांगतात. चढण दमवणारी आहे, तेव्हा तो दिवस मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठेवावा आणि पहाटे निघावे.