फोनवरचं वाचन: मूल अडखळतंय की आवाज तुटतोय?



2020 मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही मोहीम सुरू झाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना फोनवर मुलांचं वाचन ऐकायची सवय लागली. ती अजून उपयोगी पडते. सुट्टीत मूल मुळशी किंवा भोरकडच्या एखाद्या वाडीत आजीकडे, आपण पुण्यात, आणि व्हॉट्सॲप कॉलवर उतारा ऐकतोय. आवाज तुटत येतो आणि वहीत शेरा पडतो, 'अडखळत वाचतो'. पण अडखळलं कोण, मूल की नेट? शेरा मात्र मुलाच्या नावापुढे राहतो.

इंटरनेटवरच्या कॉलमध्ये आवाजाचे बारीक तुकडे होतात, एका सेकंदाचे साधारण 50. प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटातून जातो. पाकीट उशिरा पोचलं तर वाया, कारण बोलणं पुढे गेलेलं असतं. वर्गात हे करून बघा. एका वाक्याचे दहा शब्द दहा चिठ्ठ्यांवर क्रमांक घालून लिहा आणि मुलांच्या रांगेतून पुढे पाठवा. शेवटच्या मुलाने टाळीच्या ठेक्यावर एकेक शब्द वाचायचा. टाळी पडली आणि चिठ्ठी आली नाही, तर तो शब्द गेला! दुसऱ्या खेपेला त्याला आधी तीन टाळ्या थांबायला सांगा. आता वाक्य बरंचसं पूर्ण येतं. फोनही असाच किंचित थांबून आवाज वाजवतो.

पण फार थांबूनही चालत नाही. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी इथे 1971 मध्ये उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर वर, म्हणजे आवाज वर जाऊन खाली यायलाच जवळजवळ पाव सेकंद लागायचा. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद. मग दोघंही एकदम बोलायला लागतात. कमजोर नेटवर आजही तेच होतं, म्हणून प्रश्न विचारला की थोडं थांबा.

कॉल सुधारायचा तर पहिलं काम म्हणजे व्हिडिओ बंद. चांगल्या आवाजाला सेकंदाला 25-30 किलोबिट पुरतात, चित्राला त्याच्या कितीतरी पट लागतात. त्याच वेळी घरात कुणी फोटो-व्हिडिओ पाठवत असेल तर थांबवा, नाहीतर आवाजाची पाकिटं त्यामागे रांगेत अडकतात. मुलाला खिडकीजवळ एका जागी बसवा. वायफाय असेल तर राउटरजवळ. आवाज घुमत असेल तर इअरफोन लावा.

एवढं करूनही शंका उरली तर नीट ऐका. मूल बहुतेक वेळा जोडाक्षरापाशी किंवा अनोळखी शब्दाआधी अडखळतं आणि मागे येऊन पुन्हा वाचतं. नेट कुठेही तुटतं, अगदी 'आई', 'घर' या शब्दांतसुद्धा. आणि आवाज परत येतो तेव्हा मूल पुढच्या ओळीवर गेलेलं असतं.

शेरा लिहायचाच असेल तर कॉलवरून लिहू नका, व्हॉइस मेसेज मागवा. त्यात एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा पाठवला जातो. पोचायला वेळ लागेल, पण पोचेल तो अख्खा. फक्त आजीला आधी सांगून ठेवा की पहिल्यांदा वाचलेलंच पाठवा. नाहीतर नातवाकडून चारदा वाचून घेऊन त्यातलं उत्तम तेवढं येतं!